धर्मग्राम स्वतःच्या पायावर: दान, हिशेब आणि सेवाकार्य यांची घडी कशी बसवावी

धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चभोवतीच्या ख्रिस्ती समुदायाच्या, आर्थिक समितीवर किंवा सेवाकार्य गटात नव्याने आलेल्या माणसासमोर पहिला प्रश्न बहुधा हाच येतो: पैसे कमी पडताहेत, लोकांना कसं सांगायचं? सुरुवात या प्रश्नापासून करू नका. लोक देत नाहीत तेव्हा त्यामागे कंजूषपणा क्वचितच असतो. दिलेल्या पैशाचं काय होतं हे त्यांना कळलेलं नसतं, किंवा वर्षानुवर्षं चर्चमधून कोणी त्यांच्या दारात आलेलं नसतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी हिशेब नीट करा, मग तो लोकांसमोर मांडा, त्याच वेळी घरोघरी जायला लागा, आणि दानाचं आवाहन त्यानंतर करा.

इसवी सन १५५ च्या सुमारास जस्टिन या ख्रिस्ती विचारवंताने रोमन सम्राटाला लिहिलेल्या निवेदनात रविवारच्या उपासनेचं वर्णन आहे. ज्याची ऐपत आहे आणि ज्याला द्यावंसं वाटतं तो आपल्या मनाप्रमाणे देतो. जमलेलं दान उपासना चालवणाऱ्याकडे ठेवलं जातं आणि तो त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगात असलेले आणि परगावाहून आलेले या सगळ्यांची काळजी घेतो. तिथे दान आणि सेवा हे एकच काम आहे. ही दोन कामं दोन समित्यांत विभागली जातात आणि त्या समित्या एकमेकींशी बोलत नाहीत, तिथून धर्मग्रामाची ओढाताण सुरू होते.

पुढची माहिती कॅथलिक धर्मग्राम समोर ठेवून दिली आहे. कॅनन लॉची, म्हणजे कॅथलिक चर्चच्या अंतर्गत कायद्याची, कलमं वगळली तर बाकी सगळं इतर ख्रिस्ती मंडळ्यांनाही लागू पडेल.

पहिला महिना: वाचा आणि मोजा

या महिन्यात कोणतीही घोषणा करू नका. पुढचे कागद एका फाइलमध्ये आणा: मागच्या तीन वर्षांचे जमाखर्च, सर्व बँक खात्यांची विवरणं, प्रत्येक खात्यावर सही कोणाची चालते त्याची यादी, जमीन आणि इमारतीची कागदपत्रं, विमा पॉलिसी, पगारी माणसांचे करार, कुटुंबांची नोंदवही, आणि विशिष्ट कारणासाठी मिळालेल्या पण अजून खर्च न झालेल्या रकमा. शेवटची यादी बहुतेक ठिकाणी तयार नसते. ती आधी करा, कारण पुढचे बरेचसे घोटाळे तिच्या अभावातून होतात.

आपला अधिकार किती हेही याच महिन्यात समजून घ्या. सध्याची कॅनन लॉ संहिता २७ नोव्हेंबर १९८३ पासून लागू आहे. तिच्या कलम ५३७ नुसार प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असलीच पाहिजे. श्रद्धाजीवनाच्या कामांसाठी असलेल्या पाळकीय समितीचं (कलम ५३६) तसं नाही, ती धर्मप्रांताच्या (अनेक धर्मग्रामांच्या समूहाच्या) प्रमुख बिशपांनी ठरवलं तर स्थापन होते. कायदेशीर व्यवहारात धर्मग्रामाचं प्रतिनिधित्व प्रमुख धर्मगुरू करतात (कलम ५३२) आणि समितीचं काम त्यांना मदत करण्याचं, सल्ला देण्याचं असतं. नव्या सदस्यांचा इथे गोंधळ होतो. आपण मतदानाने फादरांना बांधून टाकू शकतो असं काहींना वाटतं, तर काहींना आपण नुसते सहीपुरते आहोत असं वाटतं. दोन्ही समज चुकीचे आहेत. एखादा खर्च पटला नाही तर तो का पटला नाही हे बैठकीच्या इतिवृत्तात दोन ओळींत लिहून घ्या. मत नोंदवणं हा समितीचा हक्क आहे आणि कर्तव्यही.

खर्चाचं खरं चित्र

कलम १२५४ चर्चच्या मालमत्तेचे मुख्य हेतू सांगतं: उपासनेची व्यवस्था, धर्मगुरू आणि इतर सेवकांचा योग्य निर्वाह, आणि सुवार्ताकार्य व दयाकार्य, विशेषतः गरजूंसाठी. वार्षिक खर्चाचे मथळे याच तीन हेतूंखाली लावून पाहा. तिसऱ्या रकान्यात जवळजवळ काहीच नाही असं दिसलं तर आजार तिथेच आहे. जो धर्मग्राम फक्त स्वतःच्या भिंतींवर खर्च करतो, त्याला द्यायला लोक हळूहळू थांबतात.

अंदाजपत्रक करताना दर महिन्याचा खर्च धरला जातो, पण बऱ्याच वर्षांनी एकदाच येणारा खर्च सुटतो. एक हिशेब करून पाहू. समजा वर्षाचा नेहमीचा खर्च १२,००,००० आहे. छत २० वर्षांनी बदलावं लागेल आणि त्याला ६,००,००० लागतील, म्हणजे दरवर्षी ३०,००० बाजूला हवेत. रंगकाम ८ वर्षांनी, १,६०,००० चं, म्हणजे वर्षाला २०,०००. ध्वनियंत्रणा आणि वायरिंग १० वर्षांनी, १,००,००० चं, म्हणजे वर्षाला १०,०००. वर्षाचा खरा खर्च १२,६०,००० झाला. नोंदवहीत ३५० कुटुंबं असतील तर प्रत्येकी वर्षाला ३,६००, महिन्याला ३०० येतात. प्रत्यक्षात नियमित देणारी कुटुंबं २१० च असतील तर तोच आकडा वर्षाला ६,०००, महिन्याला ५०० होतो. ३०० आणि ५०० मधल्या फरकाकडे नीट पाहा. १४० कुटुंबं तुटलेली आहेत, आणि त्यांच्या घरी अजून कोणी गेलेलं नाही.

जमा बारा महिने सारखी नसते. नाताळ आणि ईस्टरला ती वर जाते, सुट्ट्यांत खाली येते. पगार आणि वीजबिल मात्र थांबत नाही. म्हणून महिनावार तक्ता करा आणि तीन महिन्यांच्या नेहमीच्या खर्चाइतकी गंगाजळी हे पहिलं ध्येय ठेवा. ती शून्यातून उभी करायला तीन-चार वर्षं लागली तरी हरकत नाही. दरवर्षी अंदाजपत्रक करावं अशी जोरदार शिफारस कलम १२८४ करतं. मालमत्तेची देखभाल, गरज असेल तिथे विमा आणि नीट ठेवलेल्या वह्या यांची जबाबदारीही त्याच कलमात आहे.

आणखी एक चाचणी करा. सर्वांत जास्त देणारी पाच कुटुंबं उद्या दुसरीकडे राहायला गेली तर जमा किती टक्क्यांनी घटेल? उत्तर वीसच्या वर आलं तर धर्मग्राम मोजक्या खांद्यांवर उभा आहे. अशा वेळी आहेत त्या दात्यांकडून जास्त घेण्यापेक्षा देणाऱ्यांची संख्या वाढवणं महत्त्वाचं.

जो पैसा आपला नाही

तीन प्रकारचा पैसा धर्मग्रामाच्या हातातून जातो, पण तो धर्मग्रामाच्या खर्चासाठी नसतो.

पहिला, विशिष्ट हेतूने दिलेलं दान. ते त्याच हेतूसाठी वापरायचं (कलम १२६७ §३). छतासाठी जमलेल्या पैशातून पगार भागवला आणि 'पुढच्या महिन्यात परत टाकू' असं म्हटलं, की तो पुढचा महिना येत नाही. खातेवहीत अशा प्रत्येक निधीला वेगळा रकाना द्या, शक्य असेल तर वेगळं बँक खाते. निधी गोळा करतानाच 'रक्कम उरली तर ती इमारत देखभालीसाठी जाईल' असं लेखी जाहीर करा. काम झाल्यावर उरलेल्या पैशाचा हेतू बदलणं फार अवघड जातं.

दुसरा, मिस्साच्या (धर्मगुरू वेदीवर करतात त्या मुख्य उपासनेच्या) हेतूसाठी, म्हणजे एखाद्या व्यक्तीसाठी किंवा कारणासाठी मिस्सा व्हावी म्हणून, दिलेलं अर्पण. प्रत्येक स्वीकारलेल्या अर्पणासाठी स्वतंत्र मिस्सा व्हावी लागते, त्याची खास नोंदवही ठेवावी लागते, आणि नाताळचा दिवस सोडता धर्मगुरू एका दिवशी एकाच मिस्साचं अर्पण स्वतःसाठी ठेवू शकतात. बाकीचं बिशपांनी ठरवलेल्या कामाला जातं (कलम ९५१). हे पैसे रविवारच्या दानात मिसळले तर दोन्ही हिशेब बिघडतात.

तिसरा, विशेष वर्गण्या: पवित्र भूमीसाठी गुड फ्रायडेची, पोपमहोदयांच्या दयाकार्यासाठी २९ जूनच्या आसपासची, ऑक्टोबरच्या शेवटून दुसऱ्या रविवारी मिशनकार्याची, शिवाय बिशपांनी सांगितलेल्या इतर. या पूर्णच्या पूर्ण पुढे पाठवायच्या असतात. त्या दिवशी 'थोडं आपल्याला ठेवू' असा मोह झाला तर लक्षात घ्या की लोकांनी ते दिलं ते दुसऱ्यासाठी होतं.

अट घालून येणाऱ्या मोठ्या देणगीचा निर्णय जागच्या जागी घेऊ नका. भिंतीवर नाव कोरायचं, ठरावीक कंत्राटदारालाच काम द्यायचं, दरवर्षी अमुक विधी करायचा अशा अटी असतील तर बिशप कार्यालयाची परवानगी लागते. दात्याला नम्रपणे सांगा की निर्णय महिनाभरात कळवू.

रविवारची मोजणी

संपूर्ण व्यवस्थेत सर्वाधिक शिस्त इथे हवी. ती कोणावर संशय म्हणून नाही. संत पौलांनी यरुशलेमच्या गरजूंसाठी दान गोळा केलं तेव्हा ते एकट्याने नेलं नाही, मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली. एवढ्या मोठ्या देणगीच्या व्यवस्थेबाबत कोणी बोट ठेवू नये, आणि प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या नजरेतही सारं सचोटीचं असावं, असं कारण त्यांनी दिलं (बायबलमधलं २ करिंथ ८:२०-२१). शिस्तीने प्रामाणिक माणसाचं रक्षण होतं.

मिस्सात दान गोळा करणारे दोघेदोघे असावेत. टोपल्या वेदीजवळ आल्या की सर्वांसमक्ष एका पिशवीत रिकाम्या कराव्यात. पिशवीला क्रमांक असलेलं सील लावावं आणि तो क्रमांक वहीत लिहावा. मोजणी लगेच होणार नसेल तर पिशवी दोन कुलपांच्या तिजोरीत ठेवावी, किल्ल्या दोन वेगवेगळ्या माणसांकडे. सॅक्रिस्टीच्या (वेदीजवळच्या तयारीच्या खोलीच्या) कपाटात 'तासाभरापुरती' ठेवलेली पिशवी हा नेहमीचा कच्चा दुवा आहे.

मोजायला किमान तीन माणसं हवीत. ती एकाच कुटुंबातली नसावीत. चार गट करून आळीपाळीने बसवा, म्हणजे प्रत्येक गटाची पाळी महिन्यातून एकदा येईल. टेबल मोकळं असावं, पर्स आणि पिशव्या दुसरीकडे ठेवाव्यात. आधी सीलचा क्रमांक वहीशी ताडून पाहा. मग सुटे पैसे, पाकिटं आणि चेक वेगळे करा. नोटा मूल्यवार लावून एकाने मोजायच्या, दुसऱ्याने पुन्हा मोजायच्या, तिसऱ्याने मोजणीपत्रकावर लिहायच्या. पत्रकावर प्रत्येक मूल्यापुढे नग, गुणाकार आणि रक्कम असे तीन रकाने असावेत, खाली नाणी, चेक आणि पाकिटांची बेरीज. पाकिटावर लिहिलेली आणि आतली रक्कम जुळली नाही तर आतली खरी धरा, फरक पाकिटावरच लिहा आणि दोघांनी सही करा. चेकच्या मागे धर्मग्रामाच्या खात्याचा शिक्का लगेच मारा. पत्रक शाईने भरा. चूक झाली तर खोडरबर किंवा व्हाइटनर वापरू नका, एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहा आणि सही करा. पत्रकाच्या दोन प्रती काढा: एक पैशासोबत बँकेत, एक हिशेबनीसाकडे. रिकामी पाकिटं वर्षाचा हिशेब तपासून होईपर्यंत फेकू नका.

रक्कम पुढच्या कामकाजाच्या दिवशी जशीच्या तशी बँकेत जाते. मधल्या काळात तिला हात लागत नाही. फुलवाल्याचे पैसे टोपलीतून देणं, कोणाला मोठी नोट मोडून देणं, वाद्य वाजवणाऱ्याचं मानधन पाकिटात घालून देणं, या सवयी निरुपद्रवी वाटतात, पण त्यांमुळे जमा आणि खर्च दोन्ही खोटे दिसू लागतात. अशा कामांना किरकोळ खर्चाची वेगळी ठरावीक रोकड ठेवा आणि प्रत्येक खर्चाला व्हाउचर घ्या.

कामं वाटून द्या. जो मोजतो तो बँकेचा ताळमेळ करत नाही, जो हिशेब लिहितो तो मोजत नाही, आणि चेकवर सही करणारे दोघे असतात. वीस वर्षं एकट्याने सगळं सांभाळणारी निष्ठावान व्यक्ती बऱ्याच ठिकाणी भेटते. तिला दुखावू नका, तिलाच नव्या गटांची प्रशिक्षक करा.

मोबाइलवरून दान येत असेल तर खातं धर्मग्रामाच्याच नावाचं हवं. खजिनदाराच्या किंवा फादरांच्या वैयक्तिक खात्यात 'तात्पुरतं' काहीही घेऊ नका. दारावर लावलेला क्यूआर कोड दर रविवारी मिस्साआधी स्वतःच्या फोनने तपासा, कारण खऱ्या कोडवर दुसरा कोड चिकटवणं हा सोपा फसवणुकीचा मार्ग आहे.

हिशेब लोकांपुढे

श्रद्धावंतांनी चर्चला दिलेल्या दानाचा हिशेब त्यांच्यासमोर ठेवावा असं कलम १२८७ सांगतं. त्याची पद्धत धर्मप्रांताच्या नियमांनी ठरते. चांगला हिशेब एका पानात बसतो. चार रकाने पुरेत: मागचं वर्ष, यंदाचं अंदाजपत्रक, यंदाचं प्रत्यक्ष आणि फरकाचं कारण. जमेच्या सहा-सात आणि खर्चाच्या आठ-दहा ओळी असाव्यात. 'इतर खर्च' ही ओळ एकूण खर्चाच्या तीन टक्क्यांहून मोठी झाली तर ती फोडून दाखवा, कारण लोकांची नजर आधी तिथेच जाते. तूट असेल तर ती पहिल्याच परिच्छेदात सांगा. लपवलेली तूट बाहेर येते तेव्हा आकड्यापेक्षा लपवण्याचीच चर्चा जास्त होते.

पान दारावर लावा, घरोघरी द्या, आणि मिस्सानंतर अर्धा तास प्रश्नांसाठी ठेवा. उत्तर माहीत नसलेल्या प्रश्नाला 'दोन आठवड्यांत लेखी देऊ' म्हणा आणि द्या.

दानाचं आवाहन: चार रविवार

वर्षातून एकदाच करा, पण नीट करा. पहिल्या रविवारी हिशेबाचं पान. दुसऱ्या रविवारी सेवाकार्यातल्या एकाने तीन मिनिटं बोलावं: यंदा काय झालं, पुढच्या वर्षी काय करायचं आहे, त्याला किती लागेल. तिसऱ्या रविवारी संकल्पपत्रं (वर्षभरात काय देणार ते लिहायचे कागद) वाटावीत. चौथ्या रविवारी ती अर्पणाच्या वेळी वेदीजवळ आणावीत. बोलणारी व्यक्ती प्रापंचिक (धर्मगुरू नसलेली) असावी आणि तिने स्वतःचं संकल्पपत्र आधीच भरलेलं असावं. प्रवचनाची जागा मात्र या कामाला देऊ नका.

संकल्पपत्रावर तीन भाग ठेवा: वेळ, कौशल्य आणि धन. धनाच्या भागात 'प्रत्येक कुटुंबाने अमुक द्यावं' असं लिहू नका. ठरावीक आकडा गरिबाला ओझं होतो आणि सधनाला तो पुरेसा वाटून तो तिथेच थांबतो. खर्चाचा महिन्याचा आकडा दाखवा, चार-पाच टप्पे छापा आणि एक रिकामी जागा सोडा. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावं, हा पौलांचा सल्ला (१ करिंथ १६:२) आजही सर्वांत व्यवहार्य आहे. दान उरलेल्या पैशातून काढायचं म्हटलं की बहुधा काहीच उरत नाही. ज्यांना सोयीचं असेल त्यांनी बँकेला मासिक सूचना द्यावी, ज्यांना पाकिटं हवीत त्यांना वर्षाची ५२ क्रमांकित पाकिटं द्यावीत. मासिक सूचना दिलेल्यांनाही अर्पणात सहभागी होता यावं म्हणून 'दान बँकेतून दिले' अशी साधी कार्डं टोपलीत टाकायला ठेवा. मुलं आईवडिलांचा हात टोपलीकडे जाताना पाहून शिकतात.

संकल्पपत्र मिळाल्यावर आठवड्याच्या आत आभाराचं पत्र पोहोचलं पाहिजे. सहा महिन्यांनी प्रत्येकाला त्याच्या दानाचं विवरण पाठवा. ज्यांनी काहीच कळवलं नाही त्यांच्याकडे एकदा भेट द्या, तीही विचारपूस म्हणून. दुसरी आठवण करू नका. कोण किती देतं हे नोंद ठेवणाऱ्या व्यक्तीपलीकडे शक्यतो कोणालाच कळू नये. रकमेनुसार नावं वाचून दाखवणं किंवा न देणाऱ्यांची यादी लावणं हे तर पूर्ण बंद. मंदिराच्या दानपेटीत दोन लहान नाणी टाकणाऱ्या विधवेचं दान येशूने सर्वांत मोठं ठरवलं, आणि रकमेनुसार लावलेल्या यादीत ती शेवटी आली असती. थकबाकी आहे म्हणून स्नानसंस्कार, विवाह किंवा दफनविधी अडवण्याचा तर प्रश्नच येत नाही: गरिबीमुळे कोणी संस्कारांच्या मदतीला मुकू नये असं कलम ८४८ बजावतं. एकदा असं घडलं की त्याची आठवण त्या घरात पिढ्यान् पिढ्या राहते.

घरभेटी

आता त्या १४० कुटुंबांकडे. धर्मग्रामाचा नकाशा काढा आणि त्याचे १५ ते २० घरांचे विभाग पाडा. प्रत्येक विभागाला दोन भेटकर्ते द्या. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या मित्रांनी सुरू केलेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत घरभेट हेच मुख्य काम आहे, आणि ती दोघांनी मिळून करायची असते. दोघं असले की एक बोलतो आणि दुसऱ्याचं लक्ष घराकडे जातं, गैरसमजाला वाव राहत नाही, आणि एक आजारी पडला तरी ओळख तुटत नाही.

क्रम असा ठेवा: गेल्या वर्षभरात ज्यांच्या घरी मृत्यू झाला ते, अंथरुणाला खिळलेले, नव्याने राहायला आलेले, मग बऱ्याच काळात चर्चमध्ये न दिसलेले. जाण्याआधी कळवा. भेट २० ते ३० मिनिटांची असावी. पहिल्या भेटीत दानाचा विषय काढू नका, संकल्पपत्र पिशवीतही ठेवू नका. 'तुम्ही येत का नाही?' हे विचारू नका. 'घरात कोणाला बरं नाही का? फादरांनी यावं असं वाटतं का? आमच्याकडून काही राहून गेलं का?' हे विचारा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कधी कडू येईल. कोणाच्या आईच्या दफनविधीला उशीर झालेला असतो, कोणाला कचेरीत कोणी उद्धटपणे बोललेलं असतं. बाजू मांडू नका. ऐका, लिहून घ्या, फादरांना सांगा आणि दोन आठवड्यांत काय झालं ते त्या घरी परत जाऊन कळवा. माणसं परत येतात ती बहुधा या दुसऱ्या भेटीनंतर.

नोंद त्याच दिवशी करा, पण नोंदवहीत तारीख, गरज आणि पुढचं पाऊल एवढंच असावं. घरातल्या भांडणांचे, कर्जाचे, आजाराचे तपशील तिथे नकोत आणि गटाच्या व्हॉट्सअॅपवर तर मुळीच नकोत. एकदा बाहेर गेलेल्या गोष्टीमुळे पूर्ण विभागाची दारं बंद होतात.

नव्याने आलेल्या कुटुंबाशी सात दिवसांत संपर्क व्हावा आणि तीन महिन्यांत त्यांना एखादं छोटं काम मिळावं: वाचन, गायकवृंद, सजावट, मुलांचा गट, जे जमेल ते. ज्याच्या हाताला काम आहे तो टिकतो.

मदत देताना

वर्षाच्या एकूण जमेतून सेवाकार्याचा वाटा आधी बाजूला काढा. शंभरातले पाच पासून सुरुवात करा आणि दरवर्षी एक वाढवत दहापर्यंत जा. 'शिल्लक राहिली तर देऊ' ही पद्धत चालत नाही.

तातडीच्या मदतीसाठी छोटा निधी ठेवा. त्याची मर्यादा आधी ठरवा, निर्णय दोन जणांनी ४८ तासांत घ्यावा आणि समितीला नंतर कळवावा. त्यापलीकडच्या मदतीसाठी भेट, कागद आणि समितीचा निर्णय. शक्य तिथे रोख देण्याऐवजी शाळेची फी, औषधं, घरभाडं थेट भरा, आणि चालू मदतीचा दर तीन महिन्यांनी फेरविचार करा. पण संकटात सापडलेल्या माणसाला पाच चकरा मारायला लावू नका. कागदपत्रांचा भार समितीने उचलायचा असतो.

पहिल्या ख्रिस्ती समूहातही वाटपावरून तक्रार झाली होती. ग्रीक भाषक विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होत होतं. प्रेषितांनी समूहाला एकत्र बोलावलं आणि चांगल्या नावाची सात माणसं निवडून हे काम त्यांच्याकडे दिलं (प्रेषितांची कृत्ये ६). आपल्या यादीतही तोच प्रश्न विचारा: वेगळी भाषा बोलणारे, भाड्याने राहणारे, स्थलांतरित यांच्यापर्यंत आपण पोहोचतो का? मदतीसाठी धर्म विचारू नका, आणि मदतीच्या बदल्यात मिस्साला येण्याची अपेक्षा ठेवू नका. मदत घेणाऱ्याचे फोटो काढू नका.

एकच उपक्रम, बारा महिने

भेटींतून गरजा समजल्या की सात उपक्रम एकदम सुरू करण्याची ओढ लागते. एकच निवडा. तीन प्रश्न विचारा: ही गरज किती घरांत दिसली, हे काम परिसरात आधीच कोणी करतंय का, आणि दर आठवड्याला येणारी किमान आठ माणसं आपल्याकडे आहेत का? कोणी आधीच करत असेल तर त्यांना हात द्या, समांतर दुकान मांडू नका.

समजा संध्याकाळची अभ्यासिका ठरली, आठवड्यातून चार दिवस, दोन तास. प्रत्येक वेळी दोन प्रौढ हवेत म्हणजे आठवड्याला आठ पाळ्या. एका माणसाला एकच पाळी द्या आणि चार बदली माणसं ठेवा, म्हणजे एकूण बारा. दहावा माणूस मिळेपर्यंत उद्घाटन करू नका. पाच-सहा उत्साही माणसांवर सुरू झालेलं काम चौथ्या महिन्यात दोघांवर येतं आणि सहाव्या महिन्यात बंद पडतं. बंद पडलेल्या कामाने मुलांचा जो विश्वास तुटतो तो लवकर जुळत नाही. वीज, सफाई, साहित्य आणि विमा यांचा खर्च अंदाजपत्रकात सेवाकार्याखालीच दाखवा, नाहीतर तो इमारतीच्या खर्चात दडून जातो.

मुलांबरोबर किंवा परावलंबी व्यक्तींबरोबर कोणताही प्रौढ एकटा बंद खोलीत असू नये. धर्मप्रांताचे सुरक्षा नियम प्रत्येक स्वयंसेवकाने वाचून सही केलेले असावेत. तक्रार कोणाकडे करायची ते नाव आणि फोन भिंतीवर ठळक लावा. इथे ओळखीच्या माणसालाही सूट नाही.

सणाचे मेळे, सोडती, खाद्यजत्रा यांबद्दल थोडक्यात: माणसं एकत्र येतात म्हणून त्या जरूर भरवा, पण धर्मग्रामाचा रोजचा खर्च त्यांवर उभा करू नका. निव्वळ शिल्लक काढताना खर्चासोबत स्वयंसेवकांचे तासही लिहा. वर्षाचा उत्साह एका मेळ्यात संपला की घरभेटींना माणसं उरत नाहीत. सभागृह भाड्याने देतानाही लेखी करार, अनामत आणि रिकामं करण्याची वेळ ठरलेली हवी, आणि धर्मग्रामाचे उपक्रम आधी लावून उरलेले दिवसच भाड्याला द्यावेत.

इमारतीसाठी वर्षातून दोनदा, पावसाचा किंवा बर्फाचा मोसम येण्याआधी आणि गेल्यावर, दोन माणसांनी छत, पन्हाळी, खिडक्यांच्या कडा, विजेचा मुख्य फलक आणि अग्निशामक नळकांड्यांची मुदत तपासून फोटोंसह नोंद करावी. पन्हाळीत अडकलेली पानं वेळेवर काढली नाहीत की पाणी भिंतीत उतरतं, आणि मग प्लास्टर, रंग, लाकूड असा खर्च वाढत जातो.

कार्यकाळ संपताना

तीन वर्षांचा कार्यकाळ असेल तर एक तृतीयांश सदस्य दरवर्षी बदलतील अशी रचना करा. सगळे एकदम गेले की माहितीही त्यांच्यासोबत जाते. जाणाऱ्याने येणाऱ्यासोबत तीन महिने काम करावं: एक मोजणी, एक अंदाजपत्रकाची बैठक आणि किमान चार घरभेटी एकत्र. बँकेतल्या सह्या बदलण्याचे अर्ज त्याच महिन्यात द्यावेत, तिजोरीचे आणि ऑनलाइन खात्यांचे पासवर्ड बदलावेत, वस्तूंची यादी प्रत्यक्ष वस्तूंशी ताडून दोघांनी सही करावी. चालू मदत घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाकडे जाणारा भेटकर्ता नव्या भेटकर्त्याला स्वतः घेऊन जाईल आणि ओळख करून देईल. हे काम फोनवर उरकू नये.